जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल घरी कसं तपासायचं, आणि बदलावं का?

तुम्ही लिहिलंय की २०१० ची होंडा सिटी ऑटोमॅटिक सेकंडहँड घेतली, ९५,००० किलोमीटर झालेत, सकाळी 'डी'मध्ये टाकली की हलका झटका बसतो आणि मेकॅनिक म्हणतो, "हे तेल आयुष्यभराचं असतं, हात लावू नका."

हात लावा. माझ्याकडे त्याच पिढीची सिटी आहे, १,६०,००० किलोमीटर झालेत आणि गिअरबॉक्स अजून एकदाही उघडावा लागलेला नाही. मॅन्युअल गाडीत गिअर ऑइल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमध्ये त्याच तेलाच्या दाबावर गिअरबॉक्सच्या आतले क्लच पकडतात, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा भाग) इंजिनची ताकद तेच पुढे देतं, आणि आतली उष्णता बाहेर नेतं तेही तेच. इतकं काम करणारं तेल आयुष्यभर कसं टिकेल?

तुमच्या गाडीत पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे. याच्या आधीच्या आणि नंतरच्या पिढीच्या सिटीत सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) आहे, त्याची रीत आणि तेल दोन्ही वेगळं. कुणी दुसऱ्या गाडीसाठी हे वाचत असेल तर कृपया सरसकट लावू नका.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर लावा, सोसायटीच्या उतारावर नको. इंजिन चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत. मग इंजिन बंद करा आणि घड्याळ बघा : एक मिनिट थांबायचं, पण दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक बाहेर आली पाहिजे. ही पिवळ्या कडीची डिपस्टिक गिअरबॉक्सवरच असते. इंजिन ऑइलची वेगळी. दोरे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं.

इंजिन बंद करून बघायचं, ही होंडाची रीत आहे. जुन्या टोयोटा आणि इतर बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून एकदा लिव्हर फिरवून, 'पी'मध्ये आणून बघतात. याच गोंधळाचा मला फटका बसलाय. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचं तेल इंजिन चालू असताना बघितलं. चालू इंजिनमध्ये तेल आत खेळत असतं, त्यामुळे पातळी खाली दिसते. "कमी आहे ताई," म्हणत त्यांनी वरून ओतलं. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गिअर पडताना इंजिन नुसतं ओरडायला लागलं. वर पोचून बॉनेट उघडलं तर गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला तांबडं तेल ओघळलेलं. जास्त झालेलं तेल आतल्या गिअरांनी घुसळलं जातं, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. जादाचं तेल काढल्यावर गाडी पूर्वीसारखी झाली. तेव्हापासून ही तपासणी मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

आणि खरंच कमी निघालं तर? हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालंय म्हणजे कुठून तरी गळतंय. आधी खाली वाकून अ‍ॅक्सलचे सील आणि तेल थंड करणाऱ्या कूलरचे होज (रबरी नळ्या) बघा, मग ओता.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवा. लाल किंवा किंचित तपकिरी, आरपार दिसणारा असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटी झिजताहेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका, टो करून न्या. रेडिएटरमधलं कूलंट तेलात मिसळतंय.

बदलायचं तर ड्रेन नट खोलून जेवढं आपोआप निघेल तेवढंच. साधारण अडीच लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये राहतं. एकूण सहा लिटर धरलं तर एकदा बदलून चाळीसेक टक्के तेल नवं होतं, तीनदा बदललं की ऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणून मी मध्ये काही शे किलोमीटर चालवून तीनदा बदलते. मशीनने दाब देऊन फ्लश करणं मला जुन्या गाडीसाठी पटत नाही. तेल होंडाचंच घ्या : तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात 'एटीएफ झेड-१' (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असेल, त्याची जागा आता 'डीडब्ल्यू-१'ने घेतलीय आणि ते चालतं.

ड्रेन नटला चौकोनी खाच असते, त्यात तीन अष्टमांश इंचाचं रॅचेट सॉकेट न लावता थेट बसतं. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका, स्टँड लावा. नटला चुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ लेप असणं साहजिक आहे, पुसून टाका. पण बोटाला टोचणारे धातूचे तुकडे लागले तर तिथेच थांबा. वॉशर दर वेळी नवा. निघालेलं तेल मोजा आणि तेवढंच भरा, मग लिव्हर सगळ्या जागांवर फिरवून वरच्या रीतीने परत तपासा.

"तेल बदललं आणि गिअरबॉक्स बसला" हेही तुम्ही ऐकलं असेल. अशा गाड्यांचा गिअर बहुतेक वेळा आधीच घसरत असतो, म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, आणि शेवटचा उपाय म्हणून तेल बदललेलं असतं. तुमच्या गाडीचा गिअर घसरत नाही, ती फक्त झटका देते. त्यामुळे तेल बदलाच, पण त्याबरोबर इंजिनचे माउंटिंगही (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघून घ्या. माझ्या गाडीचा सकाळचा झटका तेलाने निम्मा कमी झाला. उरलेला गेला तो फाटलेलं माउंटिंग बदलल्यावर.