दिवाळीच्या ऑर्डरी आणि ऑक्टोबरातल्या मधपेट्या: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गणपती गेले की माझ्या फोनवर मधाचे मेसेज सुरू होतात. अर्धे त्यांचे ज्यांनी कर्जत, मुरबाड, शहापूर, वाड्याकडे कुणाच्या तरी शेतावर पाच-दहा पेट्या ठेवल्यात आणि स्वतः मुंबईत नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी जाऊन बघतात, उरलेले मध विकत घेणाऱ्यांचे. प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देते.

मध फ्रिजमध्ये ठेवला होता, तळाशी साखर जमलीये. भेसळ आहे का? (डोंबिवली)

नाही, त्यावरून तसं म्हणता येत नाही. ग्लुकोज जास्त असलेला मध थंडीत रवा धरतोच, मोहरीचा तर फारच पटकन. फ्रिजमधून काढा, बरणी कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर चढवू नका.

मग घरी शुद्धता ओळखायची कशी? पाण्यात टाकून, काडी पेटवून, कागदावर थेंब ठेवून बघतात ते बरोबर का? (गिरगाव)

एकही बरोबर नाही. घट्ट साखरपाक पाण्यात तसाच तळाला जातो आणि ओलावा जास्त असलेला अस्सल मध कागदावर पसरतो. शंका असेल तर मान्यताप्राप्त लॅबमध्ये नमुना द्या, पैसे लागतात पण उत्तर मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ते व्हिडिओ मला कृपया पाठवू नका.

कर्जतला सातेरीच्या (आपल्याकडची देशी मधमाशी) सहा पेट्या आहेत. पावसाळ्यानंतर दारावर माश्या फार कमी दिसतात, साखरपाणी द्यायचं का, किती? (बोरिवली)

आधी पेटी उघडा. दारावरून काही कळत नाही. कोरडा दिवस बघून सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला जा, हळूच चौकटी काढा आणि तीन गोष्टी बघा: अंडी-अळ्या आहेत का, पोळ्यात मध आणि पराग किती उरलाय, आणि माश्या किती चौकटी नीट झाकतायत. अंडी अजिबात नसतील तर राणीचा घोटाळा आहे, मग साखरेने काही होणार नाही, जवळच्या अनुभवी मधपाळाला बोलवा. अंडी आहेत पण साठा संपत आलाय तर द्या. साखर आणि पाणी सारखं, उकळून थंड केलेलं, संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवायचं आणि वर काड्या टाकायच्या नाहीतर माश्या बुडतात. बाहेर एक थेंबही सांडू नका, शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि कमजोर वसाहत एका दिवसात संपते. गूळ नको, त्याने हगवण लागते. दुकानातला मध तर बिलकुल नको, त्यातून रोग येतो.

ज्या पोळ्यांवर माश्या नाहीत ती काढून टाका. रिकाम्या काळ्या पोळ्यात मेणकिडा शिरतो, आत जाळीचे बोगदे दिसायला लागले की समजा उशीर झालाय. आणि अळ्या पिशवीसारख्या फुगून डोकं वर करून मेलेल्या दिसल्या तर तो थाई सॅकब्रूड असू शकतो, त्या पेटीची चौकट दुसरीत घालू नका आणि फोटो काढून तज्ज्ञाला दाखवा. हा विषाणू आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, तरी कुणीतरी पुडी विकतंच आणि लोक घेतातच. पैसे घालवू नका.

नातवाला सहावा महिना आहे. बोटाने मध चाटवला तर चालेल ना? शुद्ध असला तर? (दादर)

नाही. एक वर्षाच्या आत कुठलाच मध नाही, शुद्ध असला तरी नाही. मधात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना त्याचं काही होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात. आजी, आधी चाटवलेला असेल आणि बाळ सुस्त वाटत असेल, दूध ओढत नसेल, शी होत नसेल तर आजच डॉक्टरांकडे जा.

ठाण्यातल्या एका कंपनीने दिवाळी गिफ्टसाठी दोनशे बाटल्या मागितल्यात. मुरबाडच्या पेट्यांत थोडा मध दिसतोय, सप्टेंबरपासून साखरपाणीही चालू आहे. ऑक्टोबरमध्ये काढून देऊ का? कमी पडला तर बाहेरून घेऊन भरीन. (मुलुंड)

नका काढू. या एका प्रश्नाला मी लांब उत्तर देणार आहे कारण दरवर्षी दिवाळीच्या आधी हाच प्रश्न येतो आणि दरवर्षी डिसेंबरमध्ये त्याच लोकांचा फोन येतो की पेटी रिकामी झाली.

पहिलं म्हणजे तुम्ही ज्याला मध म्हणताय त्यात तुमची साखर किती आहे हे तुम्हाला माहीत नाही. माशी साखरपाक पोटात घालते, पोळ्यात नेऊन ठेवते, वारा घालून घट्ट करते, वरून मेणाचं झाकण पण लावते. चौकट हातात घेतली तर मधासारखीच दिसते. पण तो मध नाही, तो फुलातून आलेलाच नाही, आणि ऊस सी-फोर वनस्पतींमध्ये (हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेणाऱ्या) मोडतो त्यामुळे उसाची साखर लॅबमध्ये कार्बनच्या चाचणीत पकडली जाते. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, निकषात अशा साखरेची मर्यादा 7 टक्के आहे. साखर चालू असताना मधकोठी (मध साठवायचा पेटीचा वरचा कप्पा) चढवायचीच नाही, हा नियम आहे. साखर बंद झाली, फुलोरा आला, माश्या पायावर पराग घेऊन यायला लागल्या, खालच्या चौकटी भरल्या, मग वर कोठी ठेवायची.

दुसरं ओलावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे हवेत दमटपणा असतो, माश्यांना मध आटवायला वेळ लागतो, आणि घाईत काढलेला मध कच्चा असतो. निकष जास्तीत जास्त 20 टक्के ओलाव्याचा आहे. चौकट आडवी धरून एकदा झटका द्या, थेंब उडाले तर ती परत आत ठेवा. पाऊण भाग तरी मेणाने झाकलेला पाहिजे, आणि रिफ्रॅक्टोमीटर विकत घ्या, लहान यंत्र आहे, काचेवर एक थेंब ठेवून डोळा लावला की आकडा दिसतो, मधाचा धंदा करणाऱ्याकडे ते नसणं मला समजतच नाही. 23-24 टक्क्यांचा मध बाटलीत बंद केला की मुंबईच्या गरमीत तो आंबतो, वर फेस येतो, झाकण फुगतं, उघडल्यावर आंबूस वास येतो. तुमचं नाव असलेली ती बाटली कंपनीच्या माणसाच्या घरात, पाडव्याच्या दिवशी. कुणीतरी सांगेल की गॅसवर आटवून घ्या. ते करू नका, मध तापवला की त्यातलं एचएमएफ (उष्णतेने साखरेपासून तयार होणारा पदार्थ) वाढतं, त्याचीही मर्यादा आहे, किलोला 80 मिलिग्रॅम, आणि वासही मरतो.

तिसरं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे, माश्यांची. चार महिने पाऊस झेलून वसाहत खंगलेली असते. आत्ता कुठे राणी जोरात अंडी घालायला लागलेली असते, खुरासणी फुललेली असते, माश्या धावपळ करून पुढच्या पिढीचं खाणं साठवत असतात. तो साठा तुम्ही काढला की सातेरी सरळ घर सोडून जाते. ती मेलिफेरासारखी (परदेशी पाळीव मधमाशी) पेटीत बसून तग धरत नाही. सकाळी जाल तर पेटीत चार मेलेल्या माश्या आणि मुंग्या. मग जानेवारी ते मे, जो आपला खरा मधाचा हंगाम आहे, त्यात तुमच्याकडे वसाहतच नाही. सातेरीची पेटी वर्षाला साधारण 5 ते 10 किलो देते, तेवढं सगळं तुम्ही एका ऑर्डरसाठी घालवणार.

आणि बाहेरून घेऊन भरायचं म्हणताय तर ऐका. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपास जाहीर केला, 13 ब्रँडच्या 22 नमुन्यांपैकी फक्त 5 सगळ्या चाचण्यांत पास झाले. नेहमीच्या चाचण्या चुकवतील अशी सिरपं मुद्दाम बनवून विकली जातात हे त्यात समोर आलं. मोठ्या लोकांच्या मालाची ही गत असेल तर ड्रममधून स्वस्तात मध देणाऱ्याकडे काय आहे हे तुम्ही डोळ्यांनी ओळखणार नाही. बाटलीवर नाव तुमचं म्हणजे जबाबदारी तुमची. छोट्या मधपाळाकडे जाहिरात नाही, गोदाम नाही, फक्त विश्वास आहे.

काय करायचं? कंपनीला फोन करा, स्पष्ट सांगा की माझ्याकडे उन्हाळ्यात काढलेला एवढा मध आहे, एवढ्याच बाटल्या मिळतील. नीट पिकलेला, घट्ट झाकणाचा मध तोवर व्यवस्थित टिकतो. बाटली लहान करा, 250 ग्रॅमची, बाकीच्यांना मार्चनंतर द्या. नाही म्हणाले तर ऑर्डर सोडा. आणि हे सगळं करायच्या आधी पेट्यांबद्दल एकदा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेतल्या किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयातल्या माणसाला विचारून घ्या, फोटोसकट. फोनवर मी जे सांगते ते पेटी न बघता सांगते.

सोसायटीच्या गेटवर दोघं बादलीत पोळं घालून मध विकतात, म्हणतात तुमच्याच बिल्डिंगवरचं काढलं. घ्यावा का? (कांदिवली)

घेऊ नका. बादलीत साखरेचा किंवा गुळाचा पाक असतो आणि वर एक खरं पोळं तरंगत ठेवलेलं असतं, त्याला दोन-चार माश्या पण चिकटवलेल्या असतात. तुमच्यासमोर पोळं पिळून दाखवतात, मापात मात्र खालचा पाक देतात. दर वर्षी ऑक्टोबरात हे सुरू होतं आणि शिकलेले लोक घेतात.

टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आग्यामोहोळ लागलंय. पेस्ट कंट्रोलवाले फवारून काढतो म्हणतात. (चेंबूर)

फवारू देऊ नका. आग्या माश्या पावसाळ्यानंतर येतात आणि काही महिन्यांनी आपणच निघून जातात. त्यांना चिडवलं नाही तर सहसा काही करत नाहीत, पण धूर, फवारा, दगड झाला की शेकडो एकदम अंगावर येतात आणि खालून जाणारा कोण असेल सांगता येत नाही. खिडकीला जाळी लावा, पोळ्यासमोरचा बाल्कनीचा दिवा रात्री बंद ठेवा कारण उजेडाकडे येतात, दिवाळीत त्या बाजूला फटाके लावू देऊ नका. फारच धोक्याच्या जागी असेल, शाळेची बस थांबते तिथे वगैरे, तर मारल्याशिवाय पोळं हलवणारा प्रशिक्षित माणूस बोलवा आणि अग्निशमन दलाला कळवा. औषध मारलेल्या पोळ्याचा मध विषारी असू शकतो, तो वॉचमनला देतात हे मी बघितलंय, थांबवा ते.

कारवीचा मध दर वर्षी मिळतो का? एक जण 'बोरिवली जंगलातला' म्हणून विकतोय. (ठाणे)

नाही. कारवी हे डोंगरातलं झुडूप साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलतं, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2016 ला फुललं, मग 2024 ला. डोंगराप्रमाणे वर्ष थोडं वेगळं असू शकतं पण दर वर्षी, बारा महिने, असं होत नाही. आणि राष्ट्रीय उद्यानातून मध काढायला परवानगीच नसते, तेव्हा तो माणूस खोटं तरी बोलतोय किंवा गुन्हा तरी करतोय.

दहा-बारा पेट्यांचा मध घरून विकते, नोंदणी लागते का? लेबलवर 'ऑर्गॅनिक' लिहू का? (कल्याण)

लागते. उलाढाल लहान असली तरी एफएसएसएआयची साधी नोंदणी ऑनलाइन होते, तुमच्या उलाढालीला नोंदणी की परवाना हे एफडीएच्या (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) कार्यालयात किंवा सीएला विचारून घ्या. नॅशनल बी बोर्डाच्या मधुक्रांती पोर्टलवरही नाव घाला. लेबलवर वजन ग्रॅममध्ये लिहायचं, मिलिलिटरमध्ये नाही. मध पाण्यापेक्षा जड असतो, अर्ध्या लिटरच्या बाटलीत जवळपास 700 ग्रॅम बसतो, ते लक्षात न घेता भाव लावला की तुमचाच तोटा. ऑर्गॅनिक लिहू नका, त्याला प्रमाणपत्र लागतं आणि तुमची माशी शेजारच्या फवारलेल्या वांग्यावर जात नाही हे तुम्ही सांगू शकत नाही. 'डायबिटीस बरा होतो' असलं तर अजिबात नाही, ताई.

वन-बीएचके आहे, बाल्कनीत एक पेटी ठेवावी म्हणतो. (परळ)

नका ठेवू. शेजारी, लहान मुलं, लिफ्टमध्ये शिरलेल्या माश्या, आणि चावल्यावर होणारं भांडण. आधी प्रशिक्षण घ्या, मग गावाकडे जागा बघा.

पेटी बघताना मनगटावर माशी चावली, मागच्या वेळी फक्त हात सुजला होता, यावेळी अंगभर गांधी उठल्या आणि श्वास लागला. पुढच्या रविवारी चाकवताची पानं चोळून जाऊ का? (अंबरनाथ)

नाही! अंगभर गांधी आणि श्वास लागणं ही सूज नाही, अ‍ॅलर्जी आहे, आणि पुढच्या वेळी ती जिवावर बेतू शकते. पानं, चुना, हळद काही चोळायचं नाही. चावल्या चावल्या काटा नखाने खरवडून काढायचा आणि श्वास लागला तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं. या आठवड्यातच अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटा, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवावं लागेल का ते विचारा. त्यांनी हो म्हणेपर्यंत पेट्या दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.