वाचकांचे प्रश्न : खरपुडीसाठी थांबायचं

प्रश्न : सिंगापूरला निघालो आहोत. चायनाटाउनमधल्या हॉकर सेंटरमध्ये (एका छताखाली खाण्याचे बरेच गाळे असतात तिथे) क्लेपॉट राइससाठी, म्हणजे मातीच्या भांड्यातल्या भातासाठी, पाऊण तास थांबावं लागतं म्हणतात. काही ठिकाणी तोच दहा मिनिटांत मिळतो. मग थांबायचं कशाला? (पुणे)

उत्तर : दहा मिनिटांत येतो तो भात बहुधा आधीच शिजवलेला असतो, मातीच्या भांड्यात नुसता गरम केलेला. त्याला खरपुडी धरत नाही, आणि कँटोनीज (दक्षिण चीनमधले) लोक ‘बो जाय फान’, म्हणजे हाच क्लेपॉट राइस, खातात ते निम्मं त्या खरपुडीसाठीच. तिला ते ‘फान जिऊ’ म्हणतात. चांगल्या गाळ्यावर ऑर्डर आल्यावर कच्चे भिजवलेले तांदूळ भांड्यात पडतात. पाणी आटून भाताच्या अंगावर भोकं दिसू लागली की वर मुरवलेली कोंबडी आणि लाप चेओंग, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोडसर वाळवलेलं सॉसेज, मांडून झाकण ठेवतात. हे आधी टाकलं तर मांसाचा रस तळाला जाऊन करपतो, उशिरा टाकलं तर कोंबडी हाडापाशी कच्ची राहते. सॉसेजची चरबी वितळून भातात उतरते ती या शेवटच्या टप्प्यात. कोळशाच्या शेगड्यांची रांग आणि सतत भांडी फिरवणारा माणूस दिसला, तर खुशाल थांबा. आधी ऑर्डर द्या, मग जागा शोधा. टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, तिथे बसू नका.

प्रश्न : टेबलावर दाट काळा सोया सॉस आणि तेल होतं. आम्ही दोन्ही ओतून तळापासून ढवळलं. भात खारट झाला, वर कडूही लागला. (नाशिक)

उत्तर : कडू लागला तो तळ खरवडल्यामुळे. दोघांच्या भांड्याला तेल एक चहाचा चमचा, तेही कडेकडेने. सॉस आधी एक मोठा चमचा, चव पाहून पुढे. खारवलेला मासा असेल तर सॉस अर्धाच, आणि मासा चमच्याने कुस्करून भातभर पसरा, सगळा एकाच घासात आला तर तोंड खारट होतं. वरचा भात वरच्या वर कालवा, तळाला हात लावू नका. कोंबडी हाडासकट तोडलेली असते, बारीक कपच्या येतात, मुलांना सांभाळून द्या. वरचा भात संपेपर्यंत खरपुडी भांड्याच्याच उष्णतेने सुटत येते. चिकटून राहिली तर दोन-तीन चमचे गरम सूप घालून झाकण ठेवा, मग कडेपासून आत चमचा घाला. सोनेरी ते बदामी खायची. काळी झालेली सोडून द्या, पैसे गेले म्हणून खाऊ नका! उठताना ट्रे परतीच्या रॅकवर ठेवायचा, तिथे तो नियमच आहे.

प्रश्न : शाकाहारी माणसाने काय मागावं? (सांगली)

उत्तर : या गाळ्यांवर काही नाही. सॉसेज काढून द्या म्हटलं तरी ऑयस्टर सॉस (कालवांचा) राहतो. ‘क्लेपॉट टोफू’चाही भरवसा नको, त्यात अनेकदा अंड्याचा टोफू आणि खिमा असतो. चिनी बौद्ध शाकाहारी गाळा शोधा. तिथे सहसा कांदा-लसूणही नसतो.

प्रश्न : घरी गॅसवर केला, भांडं तडकलं. (डोंबिवली)

उत्तर : बूड ओलं होतं का? की गरम भांडं थेट कडाप्प्यावर टेकवलं? बहुतेक भांडी या दोनांतच जातात. बूड कोरडं पुसा, पहिली पाच मिनिटं मंद आच, आणि उतरवायचं ते लाकडी पाटावर किंवा जाड फडक्यावर.

एक वाटी (२०० ग्रॅम) जस्मिन तांदूळ अर्धा तास भिजवून निथळा, पाणी २४० मिली. कोलम चालेल, इंद्रायणी गिच्च होतो. भोकं दिसली की कोंबडीचे लहान तुकडे वर, झाकण, मंद आचेवर १२ मिनिटं. मग भांडं कलतं धरून चारही बाजू मिनिट-मिनिटभर आचेवर शेका. बुडबुड थांबून बारीक तडतड ऐकू येते आणि भाजक्या पोह्यांसारखा वास सुटतो, त्याच क्षणी गॅस बंद. करपल्याचा वास आला म्हणजे उशीर झाला. झाकण न काढता पाच मिनिटं तसंच राहू द्या, आणि वाढण्याआधी हाडालगतचा एक तुकडा फोडून पाहा. गुलाबी दिसला तर दोन चमचे पाणी शिंपडून पुन्हा झाकण आणि मंद आच.