‘स्लिप’ म्हणजे गिलावाच

इराणमधल्या निशापूरच्या जुन्या भांड्यांविषयीचा मजकूर मराठीत आणताना एका वाचकाचं काम ‘स्लिप’ या शब्दापाशी, म्हणजे कुंभार भांड्यावर देतात त्या पातळ मातीपाशी, अडलं आहे. लेप म्हणू, थर म्हणू की अस्तर, असं त्यांनी विचारलंय. मी तिन्ही बाजूला ठेवून ‘गिलावा’ म्हणेन.

गिलावा म्हटलं की आज गवंडी, थापी आणि सिमेंट डोळ्यांपुढे येतं. पण शब्द मूळचा फारसी. ‘गिल’ म्हणजे माती, चिखल. ‘आब’ म्हणजे पाणी. कुंभाराची स्लिप तरी दुसरं काय असते? बारीक माती पाण्यात कालवून सायीइतकी दाट केलेली. इराणात भांड्यावरच्या या थराला आजही ‘गेलाबे’च म्हणतात. (फारसी लिपीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘गिल’ म्हणजे माती एकसारखेच लिहितात. त्यामुळे तिथे गुलाब आणि गिलावा यांच्यात शेवटच्या एका अक्षराचाच फरक उरतो. मला हे फार आवडतं.)

‘लेप’ चंदनाचाही असतो, औषधाचाही. त्यात माती दिसत नाही. ‘थर’ तर कशाचाही. आपले कुंभार काव लावतात, पण ती तांबडी माती आणि निशापूरच्या भांड्यांवर तर मुख्य थर पांढरा. ‘अस्तर’ बरंचसं जवळ येतं, पण तिथेच खरी अडचण आहे.

नवव्या-दहाव्या शतकांत, सामानी राजवटीत, निशापूर आणि समरकंदचे कुंभार तांबूस भांड्यावर आधी पांढरा गिलावा देत. मग त्यावर काळ्या रंगाने कूफी या जुन्या, कोनदार वळणाची अरबी अक्षरं काढत आणि वरून शिशाची पारदर्शक झिलई चढवून भाजत. नुसता रंग त्या झिलईखाली भट्टीत ओघळतो. म्हणून ते रंगही बारीक मातीत कालवत, की रेघ जागची हलत नसे. म्हणजे खालचा थरही स्लिप आणि वरची रेघही स्लिप! रेघेला अस्तर कसं म्हणणार? ‘रंगीत गिलावा’ मात्र सहज म्हणता येतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुमारे 46 सेंटिमीटर व्यासाचा असा एक मोठा वाडगा आहे. त्याच्या काठावरच्या मजकुराचा अर्थ असा: कामाआधी केलेला विचार पश्चात्तापापासून वाचवतो. अक्षरं इतकी लांब आणि ताठ आहेत की ती आधी नक्षीच वाटतात.

पुढच्या काळात वायव्य इराणात पांढरा थर खरवडून खालची गडद माती उघडी करत आणि त्यातून नक्षी काढत. तिथल्या गारूस भागातली भांडी या कामासाठी प्रसिद्ध आहेत. मराठीत गिलावा खरवडताच येतो, तेव्हा इथेही शब्द अडत नाही.

आता तुमच्या मजकुरापुरतं. पहिल्यांदा ‘मातीच्या पातळ गिलाव्याने रंगवलेली भांडी’ असं पूर्ण लिहा, म्हणजे सिमेंटची भिंत आठवणार नाही. त्यानंतर नुसतं ‘गिलाव्याची भांडी’ चालेल. झिलई हा शब्द मात्र वरच्या काचेसारख्या थरासाठीच राखून ठेवा.