जुनी पोर्शे ९२४ सकाळी थंड असताना सुरू होत नाही: पेट्रोल पंप बदलावा का?

आपण निपाणीहून विचारले आहे की, आपली पोर्शे ९२४ सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर कशीबशी पेटते आणि रेस सोडताच बंद पडते, मात्र दुपारी गरम इंजिन एका चावीत सुरू होते. तरीही मिस्त्री पंप बदलायला सांगत आहेत. माझ्या मते पंपावर इतक्यात खर्च करू नये. गरम इंजिन लगेच सुरू होऊन नीट चालत असेल, तर मुख्य पंप आणि ठिणगी यांवर संशय घेण्याचे कारण उरत नाही; शोध घ्यायचा तो थंड इंजिनाला लागणाऱ्या जादा पेट्रोलाचा आणि जादा हवेचा.

या गाडीत बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंजेक्शन यंत्रणा आहे, त्यामुळे स्कॅनर लावून काही कळणार नाही. इनटेक मॅनिफोल्डवरील कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह सेल्फ फिरत असतानाच आणि थर्मो-टाइम स्विच (इंजिनाच्या तापमानानुसार फवारणीचा वेळ ठरवणारा स्विच) परवानगी देईल तेवढेच सेकंद पेट्रोल फवारतो. इंजिन थंड असताना हा व्हॉल्व्ह काढून काचेच्या बरणीत धरावा, इग्निशन कॉइलची जोडणी सोडवावी आणि सेल्फ मारावा. शंकूसारखा फवारा दिसला पाहिजे आणि तो थांबल्यावर थेंब गळता कामा नये. हे काम उघड्यावर, अग्निशामक जवळ ठेवूनच करावे.

मात्र आपल्या गाडीत खरी मेख वॉर्म-अप रेग्युलेटरमध्ये असावी, असे मला वाटते. हा रेग्युलेटर थंडीत कंट्रोल प्रेशर, म्हणजे प्लंजरवर वरून पडणारा पेट्रोलाचा दाब, कमी ठेवतो, त्यामुळे फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधील (सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणाऱ्या भागातील) प्लंजर अधिक उचलला जाऊन पेट्रोल-हवेचे मिश्रण दाट होते. आतली बारीक जाळी गाळाने तुंबली की थंडीतही दाब चढा राहतो आणि मिश्रण पातळ पडते. दाब मोजण्यासाठी डिस्ट्रिब्युटर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये कॉकसह गेज बसवावा लागतो. त्याची जोडणी बाजारात शोधण्यापेक्षा मूळ बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत जावे, हायड्रॉलिक्सची कामे करणारे तिथले लेथवाले ती सहज करून देतील. सिस्टिम प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारा मुख्य दाब, साधारण ४.५ ते ५.२ बार असते. २० अंशांना थंड इंजिनाचे कंट्रोल प्रेशर त्याच्या निम्म्याहूनही कमी असावे आणि इंजिन तापेल तसे ते साडेतीन बारच्या आसपास चढावे. सुरुवातीलाच काटा तीनपाशी दिसला, तर दोष सापडला असे समजावे.

रेस सोडताच बंद पडण्याचे कारण थंड इंजिनाला जादा हवा देणारा ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकणे हेही असू शकते. थंड इंजिन कसेबसे चालू ठेवून त्याची नळी चिमटावी; काहीच फरक पडला नाही, तर तिथून हवा जातच नाही. त्यानंतर इंजिन तापल्यावर तेलाचे झाकण उघडून पाहावे. इंजिन अडखळले नाही, तर रबरी बूट किंवा एखादी नळी फाटून मोजमापाबाहेरची हवा आधीच आत शिरत आहे.

आपल्या भागातील साखर कारखान्यांच्या इथेनॉलचाही यात वाटा आहे. साध्या पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५ पट, लॅम्डा सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) नसलेली के-जेट्रॉनिक हा फरक भरून काढू शकत नाही. म्हणून मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याचा मोह होतो, पण दाब मोजण्याआधी त्याला हात लावू नये. इंटरनेटवर सर्रास दोषी ठरवला जाणारा फ्युएल अ‍ॅक्युम्युलेटर (इंजिन बंद केल्यावर पेट्रोलाचा दाब टिकवणारा भाग) बहुधा गरम गाडी अर्धा तास उभी राहिल्यावर त्रास देतो, आणि तशी आपली तक्रार नाही. आपण गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळच्या पहिल्याच सेल्फला दाब नोंदवावा आणि त्या वेळचे तापमानही लिहून ठेवावे, म्हणजे दुरुस्ती-पुस्तिकेतील आलेखाशी तो पडताळता येईल.