स्पिरिटमधली कात्री

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. सासूबाईंच्या पायाला जखम आहे, ड्रेसिंगला कंपाउंडर घरी येतो. त्याची कात्री-चिमटा स्पिरिटच्या डब्यात बुडवलेले असतात, म्हणतो सगळे जंतू मरतात. डॉक्टर मात्र ऑटोक्लेव्ह केलेलंच, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात तापवलेलंच, वापरा म्हणतात. मी घरी उकळून दिलं तर चालेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: डॉक्टरांचंच ऐका. स्पिरिटने साधे जंतू पटकन मरतात, पण धनुर्वात, गॅस गँगरीन, अँथ्रॅक्स यांचे जंतू दिवस वाईट आले की बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं चिवट रूप, बनून बसतात, आणि बीजाणूला स्पिरिट काही करत नाही. त्याच्या आत पाणी अगदी कमी, कॅल्शियम खच्चून भरलेलं, डीएनएला खास प्रोटीन चिकटलेलं आणि वरून जाड आवरणं, म्हणजे औषध आत जाणारच कुठून! जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने 1881 मध्येच रेशमाच्या दोऱ्यांवर अँथ्रॅक्सचे बीजाणू वाळवून ते वेगवेगळ्या औषधांत बुडवून पाहिले होते, अल्कोहोलमध्ये ते जिवंतच राहिले. आजही लॅबमध्ये नुसते बीजाणू हवे असले की मुद्दाम अल्कोहोल घालतात, बाकीचे मरतात आणि हे उरतात.

बीजाणू मारणारी औषधं आहेत, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइड घ्या, पावडर घालून अल्कलाइन केलेलं, त्यात साधे जंतू 20 मिनिटांत जातात पण बीजाणूंसाठी 10 तास धरतात, दोन घरांच्या मधे दहा मिनिटं बुडवून कसं भागेल? ब्लीचनेही मरतात, पण रक्त-पू लागलेला असला तर क्लोरीन त्यातच खर्च होतं, शिवाय स्टीलला गंज चढतो.

उकळण्याचं म्हणाल तर 100 डिग्रीला सगळे बीजाणू मरतीलच असं नाही, ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ 121 डिग्रीला जाते म्हणून तो लागतो.

आणि एक बघाच, कात्री उघडून तिचा स्क्रू बघा. तिथे काळपट थर दिसला तर ते वाळलेलं रक्त असू शकतं, त्याच्या खाली ना औषध पोचत ना वाफ नीट पोचत, म्हणून आधी ब्रशने साबण लावून घासायचं आणि मगच ऑटोक्लेव्ह. कंपाउंडरला सांगा, भाऊ, सासूबाईंसाठी वेगळं सीलबंद पाकीट आणत जा, आणि ते आमच्यासमोर फोडा. पाकिटावरच्या टेपचे पट्टे ऑटोक्लेव्हमध्ये काळे होतात, ते झालेले नसले तर ते वापरू देऊ नका.