वाहनविषयक प्रश्नोत्तरे : घाटात दमणारी जुनी गाडी

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची गाडी आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर रीतसर फेरनोंदणी करून घेतली आहे. कामानिमित्त वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला वरचेवर जावे लागते आणि चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. एका गॅरेजने कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर (धुराला कमी अडथळा करणारा) आणि ईसीयू रिमॅप (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाची मांडणी बदलणे) अशी तीन कामे सुचवली आहेत. गाडी विकायची नाही. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, वाई

उत्तर : सुचवलेल्या तिन्ही कामांपैकी एकही आज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले इंजिन नवे असताना ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेरे) ८७ अश्वशक्ती देत असे. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) नसलेले इंजिन बाहेरच्या हवेच्या दाबावर जेवढी हवा आत घेईल तेवढेच पेट्रोल जाळू शकते. त्यामुळे फिल्टर किंवा सायलेन्सर बदलून मिळणारी वाढ फार तर चार-पाच अश्वशक्तींची असते आणि तीही वरच्या आरपीएमला, जिथे आपण घाटात क्वचितच जात असाल. याउलट एवढ्या वर्षांच्या वापरात जी ताकद हरवली आहे ती बहुधा याहून जास्त असते. ती आधी परत मिळवावी.

त्यासाठी पुढील तपासण्या कराव्यात. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तेव्हा आत तयार होणारा दाब) मोजून घ्यावे. आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन आतून धड आहे असे समजावे. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक मागे असेल, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचे काम आधी, बाकी सगळे नंतर. स्पार्क प्लग, हाय-टेन्शन वायर, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर बदलावेत, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून घ्यावी. या इंजिनाला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा) आहे आणि तो शेवटचा कधी बदलला याची नोंद सापडत नसेल, तर तो ताबडतोब बदलावा.

थर्मोस्टॅटकडे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणाऱ्या झडपेकडे, मुद्दाम लक्ष द्यावे. गाडी एकदा गरम झाली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडच्या अनेक गॅरेजना आहे. तो नसला की इंजिन लवकर तापत नाही, ते अजून थंडच आहे असे समजून ईसीयू जास्तीचे पेट्रोल सोडत राहतो आणि पिकअप व ॲव्हरेज दोन्ही घसरतात. दहा-बारा किलोमीटर चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल, तर ही शंका घ्यावी.

क्लचची परीक्षा आपली आपण करता येते. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएम चढला, आवाज वाढला, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरत आहे आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचतच नाही. मागचे ड्रम ब्रेक अडकून राहतात का, हेही पाहावे. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, हँडब्रेक सोडून मागचे चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवावे; उचलण्यापूर्वी पुढच्या चाकांना उटी लावण्यास विसरू नये. जुन्या गाड्यांत चाक जड फिरताना मी इतक्यांदा पाहिले आहे की ‘इंजिन दमले’ असे कोणी सांगितले की मी आधी ब्रेकच तपासायला सांगतो.

आता घाटाविषयी. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रकाठच्या मानाने साधारण १२ टक्के विरळ असते. म्हणजे ठणठणीत इंजिनाचेही ८७ अश्वशक्तींवरून तिथे ७६-७७ होतात. टर्बोच्या गाड्या ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतात, आपली गाडी काढू शकत नाही. कोन फिल्टरची अडचणही इथेच आहे. कारखान्यातून आलेल्या एअर बॉक्सची नळी बाहेरची थंड हवा घेते, तर उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवेचे तापमान १० अंशांनी वाढले की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. चढावर मंद वेगात, तापलेल्या इंजिनाशेजारी बसवलेला हा फिल्टर आवाज भरदार करतो आणि प्रत्यक्षात ताकद कमी करतो.

या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क (चाके फिरवणारा जोर) ४५०० आरपीएमच्या आसपास मिळतो. ॲव्हरेजच्या काळजीपोटी आपण अनेकजण २००० आरपीएमलाच वरचा गिअर टाकतो आणि मग चढावर गाडी अडखळली की तिला दोष देतो. वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकून आरपीएम ३५०० ते ४५०० च्या दरम्यान ठेवावा, तीव्र चढावर एसी बंद करावा. ऑइल पुरेसे असेल आणि कूलिंग नीट असेल, तर या आरपीएमला इंजिनाचे काहीही बिघडत नाही. डिकीतले अनावश्यक सामान उतरवावे. चालकासह साधारण १०८० किलो भरणाऱ्या गाडीतून ४० किलो कमी केले, तर चढावर त्याचा परिणाम तीन अश्वशक्ती वाढवल्याइतका होतो आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनवर करावेत. गाडी चालवण्यातला खरा फरक तिथे कळतो. आपल्या व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ टायर येत असत, त्याच पिढीच्या झेडएक्सआयला १८५/७० आर१४. दोन्हींच्या व्यासात जेमतेम ५ मिलिमीटरचा फरक असल्याने स्पीडोमीटर बिघडत नाही, रुंद टायरने पकड मात्र वाढते. टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: ताजे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळते, तर ओलावा शोषलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. पाचगणीहून उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो. शॉक ॲब्सॉर्बर आणि लोअर आर्मचे बुश बदलले, की जुनी स्विफ्ट वळणावर पुन्हा नव्यासारखी वागते.

फ्री-फ्लो सायलेन्सरबाबत कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल करण्यास मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) काढल्यास धुराचा प्रश्न वेगळाच. पुढच्या फेरनोंदणीच्या वेळी आरटीओत गाडी पुन्हा तपासली जाईल, आणि अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलांवर बोट ठेवून विमा कंपनी दावा नाकारू शकते. रिमॅपचा विचार ही सगळी कामे होऊन गाडी वर्षभर नीट चालल्यावर करावा. तेव्हा त्याची गरज आपल्याला वाटेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या होंडा सिटीला बाहेरून टर्बो किट बसवता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या येईल, परंतु बसवू नये. टर्बो नसलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन सहसा अधिक असते. त्यात दाबाने हवा भरल्यास नॉकिंग (पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटणे) होऊन पिस्टन फुटतात. ते टाळण्यासाठी पिस्टन, इंजेक्टर, पेट्रोल पंप, रेडिएटर, क्लच आणि ईसीयू ही सगळी साखळी बदलावी लागते, आणि तरीही गाडी रस्त्यासाठी बेकायदेशीरच राहते. वेगाचीच आवड असेल तर केवळ ट्रॅकसाठी वेगळी गाडी तयार करावी. चेन्नईजवळ आणि कोइंबतूरला त्यासाठी रीतसर ट्रॅक आहेत.

प्रश्न : महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल टाकल्याने पिकअप वाढतो का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता. इंजिन साध्या पेट्रोलवर नॉक करत नसेल, तर जुन्या साध्या इंजिनात फरक जाणवणार नाही. कुंभार्ली घाटात चढताना टकटक आवाज येत असेल, तर महिनाभर महाग पेट्रोल भरण्याऐवजी सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन आणि इग्निशन टायमिंग तपासून घ्यावे.