केळ्याची नाडी

भुसावळ,
मे महिना, भर दुपार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप तीनदा वाचला. विचारायचं होतं ते शेवटच्या ओळीत आहे: आयफोन विकून साधा अँड्रॉइड घेतोय, मग ॲपलचं घड्याळही काढून तीन-चार हजारांचं बांधलं तर चालेल का? वरचं सगळं लोक काय म्हणतील याबद्दल. ते आधी उरकतो. पुण्याच्या ऑफिसात लिफ्टमध्ये एकमेकांची मनगटं बघत असतील बाबा. तुझ्या रावेरात माणूस भेटला की आज केळीचा काय भाव निघाला ते विचारतो. तुझ्या मनगटाकडे बघायला इथे कोण रिकामं आहे?

आता घड्याळाचं. आयफोन गेला की ते घड्याळही गेलंच समज, अँड्रॉइडशी त्याची जोडी जमत नाही. म्हणजे बदलायचं की नाही हा प्रश्नच उरला नाही. नवीन कोणतं घ्यायचं, तेवढंच ठरवायचं.

माझ्या टेबलावर आयुष्यभर एचएमटी आली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झालेला तो सरकारी कारखाना; २०१६ मध्ये सरकारने बंद करायचं ठरवलं. रेल्वेतला माणूस घड्याळ घेऊन आला की पहिलं विचारायचा, दिवसाला किती सेकंद मागे पडतं. त्याला काय हवंय ते त्याला ठाऊक असायचं. तुला ठाऊक आहे का? आठ दिवस खिशात चिठ्ठी ठेव. घड्याळाकडे बघितलंस की कशासाठी बघितलं ते एका शब्दात लिही. वेळ, फोन कोणाचा, पावलं, जे असेल ते. माझा अंदाज सांगू? रात्रीची थ्री फेज असते तेव्हा मोटार सुरू करायला दोनला उठावं लागतं. तेव्हा घरातल्या कोणाची झोप न मोडता तुझ्या एकट्याच्या मनगटावर जी थरथर होते, ती तुझ्या सर्वांत कामाची निघेल. ती दोन हजारांच्या घड्याळातही येते.

आता आपल्या उन्हाचं. ॲपल आपल्या नेहमीच्या घड्याळांसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ म्हणजे रोजचंच. लिथियमची बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते, आणि तापलेली असताना चार्ज केली तर आणखी लवकर. मागच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक असंच महागडं घड्याळ घेऊन आलं. बॅटरी पोट फुगून बसलेली, तिने काच एका कडेने उचललेली. मी जन्मभर मागचं झाकण उघडणारा माणूस. तिथे पुढची काचच सोडवावी लागते. पातळ पातं घातलं, जरा जास्तच घातलं. काचेखालची तांबूस पट्टी, केसापेक्षा थोडी जाड असेल, कट्‌ झाली. पैसे भरून दिले. तुझ्या काकूला अजून सांगितलेलं नाही.

स्वस्त घड्याळातही लिथियमच असतं, ऊन त्यालाही सोडत नाही. फरक एवढाच की साधं घड्याळ एकदा चार्ज केलं की आठवडाभर चालतं. पहाटेच्या गारव्यात आठवड्यातून एकदा लावलं की झालं. तुझ्या ॲपलला कंपनी स्वतःच अठरा तास सांगते, म्हणजे रोज लाईटची वाट बघणं आलं. आणि पट्टा रबराचा, काळा घे. केळीचा चीक पांढऱ्या पट्ट्यावर पडला की काळा डाग बसतो आणि तो जन्मात निघत नाही, हे मी तुझ्यासारख्या केळीवाल्याला काय सांगू.

पण स्वस्त म्हणजे कोणतंही नाही. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये ॲपलसारखं दिसणारं घड्याळ दीड-दोन हजारांत मिळेल. तसलं एक माझ्याकडे आलं होतं. मी ते पिकल्या केळ्याला बांधलं. दहा सेकंद थांबलं आणि म्हणालं, ७८. केळ्याची नाडी! मागून हिरवा उजेड पडतो तो बघितलास ना, रक्त तो शोषतं, ठोक्यागणिक परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, त्यावरून हे आकडा काढतात. केळ्यात रक्त नाही, पण उजेडाचं थोडंफार हलणं असतंच, त्यातून ते ताल शोधत बसतं. खरं सांगायचं तर चांगली घड्याळंही कधीकधी फसतात, म्हणून एवढ्यावरून कोणाला चोर म्हणू नकोस. तू दुकानात उभा राहून अर्धा मिनिट स्वतःची नाडी बोटाने मोज, दुप्पट कर, मग घड्याळ बघ. जिना चढून ये आणि परत बघ. चढल्यावरही आकडा जागचा हलला नाही तर खाली ठेव आणि चालायला लाग.

'शुगर दाखवतं' असं खोक्यावर लिहिलेलं असलं तर हातही लावू नकोस. तुझ्या आप्पांना शुगर आहे म्हणून मुद्दाम लिहितो. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला मान्यता दिलेली नाही, हे अमेरिकेच्या औषध खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सांगितलं. त्या आकड्यावर आप्पांनी गोळी कमी-जास्त केली म्हणजे?

गमावशील तेही सांगतो, नाहीतर म्हणशील काकाने एकच बाजू दाखवली. ॲपलचा ईसीजी जाईल. हृदयाची लय बिघडली तर तो ओळखू शकतो. हार्ट अटॅक मात्र त्यालाही ओळखता येत नाही. माणूस पडला तर मदतीला फोन लावण्याची सोय जाईल. बऱ्याच स्वस्त घड्याळांत स्वतःचं जीपीएस नसतं, फोन खिशात नसेल तर किती धावलास ते नीट कळणार नाही. आप्पांच्या छातीत धडधडतं म्हणून ते घड्याळ घरात ठेवायचं असेल, तर हा सगळा हिशेब फाड आणि आयफोनही ठेव. तुझ्या एकट्यासाठी असेल तर विकून टाक.

विकताना क्रम चुकवू नकोस. आधी आयफोनमधून घड्याळ अनपेअर कर, म्हणजे दोघांची जोडी तोड; त्याने घड्याळावरचं कुलूप निघतं. तुझ्या खात्याला अडकलेलं घड्याळ घेणाऱ्याच्या काही कामाचं नाही, चार दिवसांनी तो दारात उभा राहील. जुने आकडे हवे असतील तर आयफोनच्या हेल्थ ॲपमधून बाहेर काढून ठेव. फोन शेवटी दे.

नवीन घड्याळ झोपेचे वेगळे गुण देईल, पावलंही वेगळी मोजेल. दोन कंपन्यांचे दोन हिशेब, एकमेकांशी ताडत बसू नकोस. महिनाभर त्याचंच त्याच्याशी ताडून बघ.

रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं. घड्याळ घेतलंस की ये. येताना केळीची एक फणी आण. तपासायला एक पुरे, बाकीची काकूला.

तुझा,
घड्याळवाला काका